कर्टिसची राखण

सिस्टर लुएलाच्या गुडघ्यांनी अल्वा स्ट्रीटवर जेवढे खून थांबवले, तेवढे पोलिसांच्या गाड्यांनी थांबवले नसतील. हे सिस्टर लुएलाच सांगायची, त्यामुळे निम्मं सोडून द्यावं. पण उरलेलं निम्मंसुद्धा काही थोडंथोडकं नव्हतं.

ह्यूस्टनच्या दक्षिण अंगाला, हायवेच्या खाली दबून बसलेली ही वस्ती. तिथला हिशेब सरळ होता. एक पोरगा मेला की दुसरा ठरलेला. पहिल्याचा भाऊ नाहीतर मावसभाऊ दुसऱ्याला गाठणार, मग दुसऱ्याचे लोक निघणार, आणि त्र्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात हा व्यवहार फारच तेजीत होता. जाणत्यांचं म्हणणं असं, की मेल्यापासून मातीला देईपर्यंतचे दिवस खरे वाईट. घरात मढं नाही, काम नाही, माणसं येतात नि जातात, आणि भाऊ नुसता बसून असतो. एकदा पेटी खड्ड्यात उतरली की निदान अर्ध्यांची आग खाली बसते. म्हणून चर्चनं एक रीत पाडली होती. घरातला ज्याच्या डोळ्यांत रक्त उतरलंय तो माणूस हेरायचा, आणि दफनापर्यंत रोज दोन म्हाताऱ्या त्याच्या घरी नेऊन बसवायच्या. उपदेश करायचा नाही. बायबल पर्समधून बाहेर काढायचं नाही. नुसती कामं सांगायची.

"बाळा, जरा पंखा इकडे फिरव. बाळा, माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. बाळा, मला औषधाच्या दुकानापर्यंत सोडतोस? बसमध्ये चढवत नाही रे, गुडघा धरतो." माणूस खुनाला निघणार तरी कधी? दारापर्यंत जावं तर मागून हाक. आणि त्या वस्तीतला कसलाही दांडगा गडी झाला तरी चर्चमधल्या म्हातारीला 'नाही मॅम' म्हणायला त्याची जीभ उचलत नसे. आयांनी लहानपणीच तेवढं कानफटात देऊन शिकवलेलं.

पाळक रेव्हरंड हॉलोवे वर्तमानपत्रवाल्यांपुढे या रीतीला 'प्रेमाची साखळी' म्हणत. बायका आपसांत 'पिडणं' म्हणत. पाळकांचा फोटो छापून यायचा, बायकांची पाठ धरायची. प्रत्येकाला ज्याचं त्याला मिळत होतं, तक्रारीला जागा नव्हती.

चर्चच्या रीतीनं 'सिस्टर' म्हणवणाऱ्या या बायकांत एक प्रतिमा साळवे होती. नगरची ख्रिस्ती बाई, मिरजेला नर्सिंग शिकलेली, एकाहत्तर साली इथल्या हॉस्पिटलात लागली. तेव्हा गाडी नव्हती. चालत जाता येईल असं एकच चर्च होतं, हे. पहिल्या रविवारी ती साडी नेसून मागच्या बाकावर बसली, तेव्हा सगळी मंडळी मान वळवून बघत राहिली. वाट चुकली असेल, पुढच्या रविवारी जाईल, असं त्यांना वाटलं. पुढच्या रविवारी ती एक बाक पुढे सरकली. असं करत करत ती तिसऱ्या बाकावर आली आणि तिथेच राहिली. नवरा त्याच चर्चच्या दफनभूमीत गेला, मुलगा तिथल्याच संडे स्कूलमध्ये शिकून इंजिनिअर झाला आणि शुगर लँड या उपनगरात मोठ्या घरात राहायला गेला.

हा मुलगा, गिरीश, आठवड्यातून दोनदा फोन करी आणि दोन्हीदा तेच म्हणे.

"आई, तुझी रूम रेडी आहे. रेखानं पडदेसुद्धा लावलेत. तू कधी मूव्ह होतेस ते सांग फक्त."

"येते रे. हे एवढं झालं की येते."

"हे एवढं कधी होणार? गेल्या महिन्यात पण 'हे एवढं'च होतं. तू काय बॉडीगार्ड आहेस का? पोलीस आहेत ना त्यासाठी."

"पोलीस मेल्यावर येतात."

"आणि तू?"

"मी मधल्या वेळात."

गिरीश फोन ठेवी. शुगर लँडची मराठी माणसं त्याला कार्यक्रमात विचारत, "तुझ्या आई अजून तिकडेच? सेफ आहे का रे?" हे विचारताना आवाजात काळजी असे आणि काळजीच्या आत थोडी मजा. गिरीशला ते कळत असे. प्रतिमालाही कळत असे, पण आता तिचं खरंच निघायचं मन झालं होतं आणि त्याचं कारण शुगर लँडची माणसं नव्हती. ती दमली होती. सकाळी इमर्जन्सीमध्ये ज्यांना शिवायचं, दुपारी त्यांच्याच भावांना पिडायचं. एका दुकानाच्या दोन्ही गल्ल्यांवर एकट्यानंच बसल्यासारखं झालं होतं.

कर्टिसचं घर हे त्या उन्हाळ्यातलं तिचं चौथं.

कर्टिसचा धाकटा भाऊ आंद्रे रविवारी संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर गेला तो परत आला नाही. भांडण गाडीतल्या स्टिरिओवरून. उसना नेलेला, बिघडवून परत दिलेला. गोळी घालणारा डॅरेल; तोही याच चर्चच्या संडे स्कूलमधला, आंद्रेच्याच वर्गातला. नाताळच्या नाटकात दोघं मेंढपाळ झाले होते आणि एकाच काठीवरून भांडले होते. डॅरेलला आजीनं वाढवलेलं, मिस व्हर्डीनं. ती क्वायरमध्ये गायची. रविवार रात्रीपासून डॅरेल फरार होता. सोमवारी पोलिसांनी मिस व्हर्डीचं घर उलथंपालथं करून पाहिलं, काही मिळालं नाही.

कर्टिस टायरच्या दुकानात कामाला. अंगानं दार भरेल एवढा, बोलायला कमी. सिस्टर लुएलानं पहिल्याच दिवशी त्याला न्याहाळून प्रतिमाच्या कानात सांगितलं, "हा ओरडत नाही. ओरडणारा दमतो. ह्याच्यावर डोळा ठेव."

डोळा ठेवायचं काम चार दिवस चाललं. घरात आई आतल्या खोलीत पडून, बाहेर ऑगस्टची वाफ, आणि बैठकीत सोफ्यावर दोन म्हाताऱ्या.

"कर्टिस, बर्फ आहे का रे?"

"आत्ताच दिला ना, मॅम."

"तो वितळला. ह्या उन्हात माणूस वितळतो, बर्फाचं काय घेऊन बसलास."

कर्टिस बर्फ आणी. गुरुवारी मात्र तो ग्लास हातात घेऊन उभाच राहिला. "सिस्टर लुएला, तुम्ही मला काय समजता? तुम्ही काय करताय ते मला कळतं. माझ्या मित्राच्या घरी पण तुम्ही असंच बसला होता."

"कळतं? बरं झालं," सिस्टर लुएला म्हणाली. "मग लपवायला नको. ती उशी इकडे दे, आणि मला सांग, तुझा तो मित्र आता कुठे असतो?"

"डॅलसला. अर्विंगच्या बाजूला. ट्रक चालवतो."

"ट्रक चालवतो! म्हणजे जिवंत आहे. उशी दे."

कर्टिसनं उशी दिली. हसला नाही, पण ती गुडघ्याखाली नीट बसेपर्यंत वाकून उभा राहिला. प्रतिमा बघत होती. चार दिवसांत त्याला नकळत एक वळण लागलं होतं: म्हातारी उठली की हात पुढे, पिशवी दिसली की उचल. पण संध्याकाळी तो तिला घरी सोडायला निघाला की गाडीच्या सीटखाली काहीतरी कठीण तिच्या टाचेला लागे. तिनं कधी वाकून पाहिलं नाही. नर्सला पाहायची गरज नसते. ते तिथे होतं, रोज होतं, आणि शनिवारच्या दफनापर्यंत ते तिथेच राहिलं तर ही मेहनत फळाला आली असं म्हणायचं.

आता प्रतिमाची एक खोड सांगायला हवी. तिच्या नगरच्या घरी रीत अशी, की ज्या घरात माणूस गेलं त्या घरची चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी नेऊन द्यायची. हिंदू असो, ख्रिस्ती असो, गल्लीत कुणी वेगळी विचारपूस करत नसे. ती रीत तिनं इथेही चालवली होती. मुगाची खिचडी करायची, मोठ्या पातेल्यात, भरपूर हळद घालून. मंडळीतले लोक तिला 'सिस्टर प्रतिमाचा पिवळा भात' म्हणत आणि वरून तिखट सॉस ओतून खात. आंद्रेच्या घरी ती सोमवारपासून पिवळा भात नेत होती. पण मंगळवारी पहाटे हॉस्पिटलला जाताना मिस व्हर्डीच्या घरावरून गेली, तर व्हरांड्यात म्हातारी एकटी. कुणी शेजारी फिरकला नव्हता. क्वायरमधल्या मैत्रिणी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जात होत्या. चूल तर इथेही विझलेलीच. प्रतिमानं दुसरं पातेलं भरलं आणि जाता जाता तिथे ठेवायला सुरुवात केली.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. कुणी विचारलं नाही. शहाण्या माणसानं त्यात दोन घरांमधली दोरी ओळखली असती आणि जपून पाऊल टाकलं असतं. प्रतिमाला ते दोन वेगळे डबे वाटत होते, एवढंच. पातेलं रोज रिकामं होत होतं, तेव्हा तिला वाटलं, दुःखात काहींना भूक लागते. एकट्या म्हातारीनं एवढी खिचडी कशी संपवली, हा प्रश्न इमर्जन्सीत बावीस वर्षं काढलेल्या बाईला पडायला हवा होता. पडला नाही. दमलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

त्या गुरुवारी संध्याकाळी कर्टिस तिला घरी सोडायला निघाला. तिची दुपार वाईट गेली होती. सिस्टर लुएलाही कंटाळून लवकर घरी गेली होती. गाडीत गार वारा लागला आणि प्रतिमाचे डोळे मिटायला लागले. शुक्रवारचा भात, सकाळची ड्यूटी, गिरीशचा फोन, सगळं एकात एक कालवत होतं. दोन पातेल्यांपैकी एक कर्टिसच्या आईच्या स्वयंपाकघरात राहिलं होतं. मग उद्या करायचं कशात?

"इथे डावीकडे घे," ती म्हणाली. "हां. आणखी पुढे. त्या पांढऱ्या घरापाशी थांब. माझं पातेलं घ्यायचंय."

गाडी थांबली. ती दार उघडून उतरली, फाटक ढकललं, व्हरांड्याच्या दोन पायऱ्या चढली, आणि जाळीच्या दाराला हात लावल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. मागे वळून पाहिलं तर तो विचारेल. आत जाऊन पातेलं घेऊन बाहेर यायचं, चेहरा सरळ ठेवायचा, 'मैत्रीण आहे' म्हणायचं. घर त्याला माहीत नसेल, असंही तिनं स्वतःला सांगून पाहिलं. जिच्या नातवाबरोबर त्याचा भाऊ मेंढपाळ झाला होता, त्या म्हातारीचं घर त्याला माहीत नाही! खोटं बोलायचं तर निदान पचेल एवढं तरी बोलावं.

मिस व्हर्डी स्वयंपाकघरात उभी होती. प्रतिमाला बघून तिचा हात गळ्याशी गेला.

"आज संध्याकाळची आलीस?"

"पातेलं," प्रतिमा म्हणाली. आणि सिंककडे गेली.

पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. त्याच्या शेजारी दोन ताटल्या, अजून न धुतलेल्या, दोन्हींना हळदीच्या कडा. दोन चमचे. दोन ग्लास, एकात बर्फ शिल्लक.

अरुंद बोळाच्या टोकाला एक बंद दार होतं, तिथे दोघींनी एकाच वेळी पाहिलं.

"मागच्या दारानं आला मंगळवारी," म्हातारी कुजबुजली. "मी काय करू? भुकेला होता."

तेवढ्यात व्हरांड्याची फळी करकरली.

"मॅम? पातेलं जड असेल ना, द्या इकडे."

हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. चार दिवस दोन म्हाताऱ्यांनी घासून घासून. म्हातारी काही आणायला गेली की मागं जायचं, ओझं आपण घ्यायचं. जाळीचं दार उघडलं आणि कर्टिस आत आला, दार भरून. आत येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर फक्त ओझं उचलणाऱ्या माणसाचा कंटाळा होता. म्हणजे घर त्यानं ओळखलं असेल, आणि तरीही म्हातारीसाठी दात खाऊन पायऱ्या चढला असेल. त्यानं मिस व्हर्डीकडे मानही हलवली. "मिस व्हर्डी," एवढं म्हणाला. आणि पातेलं उचलायला सिंककडे वाकला.

वाकला तसाच राहिला.

मग त्यानं पातेलं हळूच होतं तिथे ठेवलं. इतकं हळू, की भांड्याचा आवाजसुद्धा झाला नाही. प्रतिमाला सिस्टर लुएलाचं बोलणं आठवलं: हा ओरडत नाही.

स्वयंपाकघरात एक लाकडी खुर्ची होती. प्रतिमानं ती ओढली, बोळाच्या तोंडाशी टाकली आणि तिच्यावर बसली. तिला दुसरं काही येत नव्हतं. बोळ एवढा अरुंद, की खुर्ची बसली आणि वाट संपली.

"उठा, मॅम."

"गुडघा धरलाय."

"तुमचा गुडघा धरत नाही. सिस्टर लुएलाचा धरतो."

"आज माझाही धरलाय."

"मिस प्रतिमा." त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी तुम्हाला उचलून बाजूला ठेवू शकतो. खुर्चीसकट."

"ठेव. तुला जड नाही मी."

तो हलला नाही. मिस व्हर्डी टेबलाची कड धरून उभी होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. बंद दारामागे काही वाजलं. कुणीतरी भिंतीला टेकलं असावं, किंवा खाली बसलं असावं. कर्टिसनं ते ऐकलं. त्याचे हात उघडले नि मिटले. टायर उचलणारे हात. त्यांना हत्याराची गरजच नव्हती, हे प्रतिमाला आता दिसलं. तिनं खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

"मी गाडीपर्यंत जाऊन येतो," कर्टिस म्हणाला.

"जा."

"तोवर तुम्ही उठलेल्या असा."

"नाही उठणार. परत आलास की आधी मला मारावं लागेल. तुझ्या आईला कोण सांगणार ते तू ठरव."

तो गेला. जाळीचं दार दोनदा आपटून बंद झालं.

प्रार्थना म्हणावी असं तिला वाटलं, पण एक ओळ सुचेना. सुचलं ते भलतंच: सकाळी साडेसहाची ड्यूटी आहे आणि युनिफॉर्म वाळत घातलेला आत घेतला नाही. माणसाचं मन असं असतं. अख्ख्या आयुष्याचा निवाडा व्हायचा तेव्हा ते दोरीवरचे कपडे मोजत बसतं.

"मिस व्हर्डी," ती म्हणाली, "रेव्हरंडना फोन करा. आत्ता. त्यांना म्हणावं, स्वतः या आणि ह्याला पोलिसांकडे घेऊन जा. तुम्हीही सोबत जा. दुसऱ्या कुणाला सांगू नका."

"ते त्याला जन्मठेप देतील."

"देतील. जन्म राहिला तर देतील ना."

म्हातारी फोनकडे गेली. आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

एकदा, लांब. मग पुन्हा एकदा. बायकोला उशीर झाल्यावर नवरा वाजवतो तसा.

प्रतिमा खुर्चीवर बसून राहिली. हा तिला घरी न्यायला बोलावतोय, की खुर्चीवरून उठवायला? उठली आणि तो व्हरांड्यात उभा असला तर बोळ मोकळा. नाही उठली तर चार दिवस ज्या माणसाला 'बाळा' म्हटलं त्याला सांगितल्यासारखं होईल, की तू खुनीच आहेस, आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. तिला वाटलं, इथे कुणीतरी शहाणं असायला हवं होतं. लुएला असती तर चार टोमणे मारून निकाल लावला असता. पण लुएला घरी पाय शेकत होती, आणि इथे होती एक दमलेली नर्स, जिनं स्वतःच्या विसराळूपणानं हा घोळ घातला होता.

ती उठली. पातेलं कमरेवर घेतलं आणि बाहेर गेली.

कर्टिस गाडीत बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. ती आत बसली, दार लावलं, आणि टाच मागे नेऊन पाहिली. सीटखाली ते होतं. तिथेच.

दोन सिग्नल गेले. मग तो म्हणाला, "तुम्ही मला तिथे मुद्दाम नेलंत? काही परीक्षा-बिरीक्षा? चर्चचं काही?"

"नाही रे. विसरले."

"विसरलात."

"दमले होते. पातेल्याचा विचार करत होते. उद्या भात कशात करायचा म्हणून."

कर्टिस हसला. ते हसू ऐकून तिला वाटलं, यानं रडायला हवं होतं. "माझा भाऊ फ्यूनरल होममध्ये पडलाय," तो म्हणाला, "आणि तुम्ही त्याला जेवायला घालताय. एकाच हातानं. आमच्या घरी तोच भात, तिकडे तोच भात."

"म्हातारी एकटी आहे असं वाटलं मला."

"आणि माहीत असतं तर?"

प्रतिमानं विचार केला. आता खोटं बोलायची ताकदही उरली नव्हती. "तरी नेला असता. पण तुला तिथे नेलं नसतं."

तिच्या दारापाशी गाडी थांबली. त्यानं उतरून पातेलं हातात घेतलं नाही. ती स्वतःच घेऊन उतरली.

रेव्हरंड हॉलोवे अंधार पडायच्या आत मिस व्हर्डीच्या घरी पोचले होते. डॅरेलला मध्ये घेऊन, एका बाजूला पाळक, दुसऱ्या बाजूला आजी, असे तिघं पोलीस चौकीत चालत गेले. शुक्रवारच्या पेपरात पाळकांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, मंडळीच्या अथक प्रेमाचं हे फळ. सिस्टर लुएलानं तो पेपर वाचला, खरी हकिगत प्रतिमाच्या तोंडून ऐकली, आणि चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिली.

"पातेल्यासाठी?" ती म्हणाली. "बाई, एक पातेलं! मी तुला चार आणून दिली असती."

"माहीत आहे."

"मी घरी गेले एक संध्याकाळ. एक! आणि तू त्याला पत्ता दाखवून आलीस."

"माहीत आहे, लुएला."

शनिवारी आंद्रेचं दफन झालं. ऊन असं, की खड्ड्याच्या कडेची माती पेटी उतरेपर्यंत वाळून पांढरी पडली. त्यानंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांना जेवण. लांब टेबलांमागे बायका उभ्या राहून वाढत होत्या: तळलेली कोंबडी, मकरोनी, घेवडा, आणि टोकाला प्रतिमा, पिवळा भात घेऊन. माणसं रांगेनं येत होती. कर्टिस काळ्या सुटात आला, आईचा हात धरून. आईनं भात घेतला. त्यानं ताट पुढे केलं नाही. प्रतिमाच्या समोरून गेला आणि पुढच्या बाईकडून पाव घेतला.

लोक पांगायला लागल्यावर तो परत आला. टेबलाच्या पलीकडे उभा राहिला.

"सोमवारपासून माझ्या घरी कुणी येऊ नका."

"नाही येणार. दफन झालं की आमचं काम संपतं."

"मी काही करणार नाहीये. त्या गोष्टीची विल्हेवाट लावली मी काल, बायूच्या पाण्यात टाकली. पण तुम्ही येऊ नका. सिस्टर लुएला आल्या तर येऊ देत. तुम्ही नाही."

"बरं."

तो जायला वळला, मग थांबला. "तिकडे अजून नेता?"

प्रतिमाच्या हातात रिकामा डाव होता. तिनं तो खाली ठेवला. "नेते. आता ती खरंच एकटी आहे."

कर्टिसनं मान हलवली. होकाराची नव्हती, नकाराचीही नव्हती; ऐकलं एवढीच. आणि आईला घेऊन जिन्यानं वर गेला.

सिस्टर लुएला एका खुर्चीवर बसली होती आणि दुसरीवर पाय टाकले होते. तिनं सगळं पाहिलं होतं. तळघरातलं काहीच तिच्या नजरेतून सुटत नसे. प्रतिमा येऊन शेजारी बसली आणि तिनं बूट काढले. पाय सुजून बुटांच्या कडा त्यांवर उमटल्या होत्या.

"काय म्हणाला?"

"काही करणार नाही म्हणाला."

"देवाचे आभार. आणि?"

"आणि मला येऊ नको म्हणाला."

लुएलानं मान डोलावली. "तो माणूस आता जन्मभर तुझ्याशी बोलायचा नाही. मी ओळखते त्या घराला. त्याच्या बापानं स्वतःच्या भावाला मरेपर्यंत माफ केलं नाही, आणि ते एका कुत्र्यावरून."

"न बोलू दे," प्रतिमा म्हणाली. "सत्तावीस वर्षांचा आहे. जन्मभर म्हणजे पुष्कळ झालं."

लुएलाला यावर काही टोमणा सुचला असावा, पण तिनं तो मारला नाही. वर कुणीतरी पियानोचं झाकण लावलं. प्रतिमानं डोळे मिटून घेतले, थोडा वेळ तशीच बसली, आणि मग बूट पायांत न घालताच उठून टेबलावरची भांडी गोळा करू लागली.